सत्तरीच्या बाईचं बाळ

सरांचा फोन आला तेव्हा मी मैदा चाळत होते. मुलगी नुकतीच पालथी पडायला लागली होती आणि पलीकडच्या खोलीत सासूबाईंच्या मांडीवर होती. हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. सर म्हणजे आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक. बँकेतून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे, आणि नकार ऐकूच न येणारे. त्यांनी आधी बाळाची चौकशी केली, मग वजन विचारलं, मग झोपते का ते विचारलं, आणि मग म्हणाले की नव्या नाटकात काम करणारी बाई नोकरीसाठी बंगळुरूला गेली आहे, तर मी यावं. भूमिका सत्तर वर्षांच्या म्हातारीची होती.

मी नाही म्हटलं. कॉलेजपासून मी पनवेलमध्ये नाटकं करत आले आहे आणि आजवर कुठलीही भूमिका सोडली नव्हती, तरी नाही म्हटलं. मुलगी अंगावर पीत होती. ऑफिसची नोकरी सोडून मी घरी केक करायला लागले होते आणि ते काम आता कुठे बसत होतं. नवऱ्याचं खारघरला कॉलेज, तो शिकवून संध्याकाळी यायचा. या सगळ्यात तालीम कुठे बसवायची? सर म्हणाले, "विचार कर, उद्या सांग." म्हणजे त्यांनी नकार ऐकलाच नव्हता.

फोन ठेवला तर सासूबाई दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

माझ्या आणि सासूबाईंच्या नात्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या पनवेलजवळ, नेऱ्याच्या पुढच्या एका गावात राहतात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेताशेजारी. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले. माझी आई बाळंतपण करून नागपूरला परत गेली आणि तिच्या जागी या आल्या. तोवर आम्ही एकमेकींशी फार नीट वागत होतो, म्हणजे पाहुण्यांसारख्या. त्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. त्यांना ते आवडत नसणार असं मी आपलं ठरवून टाकलं होतं, आणि कधी विचारलं नव्हतं.

"काय म्हणत व्हते ते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. नाटक, म्हातारीचं काम, रोज संध्याकाळी तालीम, आणि मी नाही म्हटलंय.

"नाय कशाला म्हणलीस? मी हाय ना," त्या म्हणाल्या. "पोरीला घेऊन मी येते. तिला भूक लागली की तू हायेस तिथंच."

एवढं बोलून त्या परत खोलीत गेल्या. मी हात धुतले आणि सरांना परत फोन लावला.

तालमी जुन्या पनवेलमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. रोज संध्याकाळी आम्ही तिघी रिक्षाने निघायचो: मी, मुलीला कडेवर घेतलेल्या सासूबाई आणि दुपटी, लंगोट, खुळखुळे यांनी फुगलेली एक पिशवी. सासूबाई मागच्या बाकावर बसायच्या. नाटक साधं होतं. मुलगा परदेशात, आई एकटी फ्लॅटमध्ये, आणि ती सगळा दिवस त्याच्या फोनची वाट पाहते. शेजारी येतात, जातात, बोलतात, फोन काही येत नाही.

म्हातारीसाठी मी एक थकलेला, खालच्या पट्टीतला आवाज शोधला होता. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की तो आवाज लागला की माझी मुलगी झोपते. रडत असली, हातपाय झाडत असली, तरी मी म्हातारीचं स्वगत सुरू केलं की तिचे डोळे मिटायचे. सर एकदा म्हणाले की प्रेक्षकांचंही असंच होऊ नये म्हणजे मिळवली. घरी मात्र मला हे वरदानच वाटलं. अंगाई सोडून मी तिला गुडघेदुखीची आणि पेन्शनची वाक्यं ऐकवायला लागले. नवराही ती शिकला. फक्त एक अडचण होती. आवाज थांबला की ती लगेच जागी व्हायची.

केक सकाळी व्हायचे. मुलगी आंघोळ करून झोपली की मी ओव्हन लावायची आणि मिक्सरच्या आवाजात पाठांतर करायची. दोन्ही एकदम करू नयेत हे मला एका चॉकलेट केकने शिकवलं. दुसऱ्या अंकातलं मोठं वाक्य म्हणता म्हणता मी बेकिंग पावडर दोनदा घातली. सासूबाई ओव्हनच्या काचेसमोर बसून केक फुगताना पाहायच्या, त्यांना ते फार आवडायचं. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. केक भांड्याबाहेर आला होता, ओव्हनच्या जाळीवरून खाली उतरत होता. "रोज असा नाय होत," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही तो तालमीला नेला. नटांना केकचा आकार दिसत नाही.

त्या संध्याकाळी केक खाताना सरांनी सासूबाईंना विचारलं, "ताई, रोज तेच तेच ऐकून कंटाळा येत असेल ना?"

"मला कशाचा कंटाळा," त्या म्हणाल्या. "आमचे हे पण नाटकात व्हते."

हॉलमध्ये सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नवरा कॉलेजातून आम्हाला न्यायला आला होता, तोही. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. गावच्या जत्रेत नाटक असायचं आणि माझे सासरे त्यात बाईचं काम करायचे. उंच नव्हते, चेहरा गोरा, आवाज बारीक, म्हणून दर वर्षी नायिका तेच. लुगडं सासूबाईंचं, बांगड्या सासूबाईंच्या, अंबाडा त्यांनीच बांधून द्यायचा. एका वर्षी माझा नवरा तान्हा होता आणि त्या त्याला घेऊन अगदी पुढे बसल्या होत्या. पोर भुकेलं होतं. समोर आईचं लुगडं नेसलेली कोणीतरी उभी आहे हे बघून त्याने तिकडे झेप घेतली. कोणीतरी उचलून त्याला नायिकेच्या हातात दिलं, आणि त्याने भर रंगमंचावर आपल्या बापाचा पदर ओढून दूध शोधायला सुरुवात केली.

"त्यांनी काय केलं मग?" सरांनी विचारलं.

"काय करणार? थोपटत थोपटत गाणं पुरं केलं. आमी पोट धरून हसलो."

नवऱ्याचे कान लाल झाले होते. तो हसत होता, पण मधेच वळून खिडकीपाशी गेला. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता, आणि त्याच्या आठवणीतले वडील शेतावरचे, कमी बोलणारे, थोडे कडक. लुगडं नेसून गाणारे वडील त्याला त्या दिवशी पहिल्यांदा भेटले. परत जाताना रिक्षात तो आईला एकामागून एक विचारत राहिला, कुठलं गाणं, कुठलं नाटक, फोटो आहे का. फोटो नव्हता. गाण्याच्या दोन ओळी मात्र त्यांना येत होत्या आणि त्या त्यांनी म्हणून दाखवल्या.

प्रयोगाची तारीख बदलली आणि नेमकी एका मोठ्या ऑर्डरच्या दिवशी आली. उलव्याच्या एका बाईंच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि त्यांना दोन मजली केक हवा होता. ती ऑर्डर मी तारीख बदलण्याच्या आधी घेतली होती. नाही म्हणणं मला जमलं नाही. सकाळभर मुलीला पाळण्यात आणि पाळण्यातून बाहेर करत मी केक उभा केला, पांढरं क्रीम, वर गुलाबाच्या पाकळ्या. दुपारी तो नवऱ्याच्या हवाली करून मी नाट्यगृहात गेले.

अर्धा मेकअप झाला होता, एक गाल म्हातारा आणि एक माझा, तेव्हा त्याचा फोन आला. उलव्यात जिथे तिथे बांधकाम, रस्ते उकरलेले, आणि एका खड्ड्यात केकचा वरचा मजला सरकला होता. तो बाईंच्या दारातच उभा होता. मी त्याला सांगायला लागले: सुरी गरम पाण्यात बुडव, पुसून घे, क्रीमवरून हलक्या हाताने फिरव. मागून त्या बाईंचा आवाज आला, सुरी आणते म्हणाल्या. मग आणखी एक म्हातारा आवाज आला, की असू दे गं, आमचाही संसार असाच एका बाजूला कलूनच उभा राहिला. ते त्यांचे वडील. पलीकडे सगळे हसत होते. पाकळ्या जिथे भेग दिसेल तिथे लावायच्या असं ठरलं आणि रंगभूषाकार माझ्या हातातून फोन घेऊन दुसऱ्या गालाकडे वळले.

पहिला अंक चांगला गेला. सासूबाई मुलीला घेऊन शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या आणि ती झोपली असणार, कारण मी सतत बोलत होते. दुसऱ्या अंकात ती जागा आली जिथे म्हातारी फोनसमोर बसते आणि काहीच बोलत नाही. सरांनी ती शांतता फार कष्टाने बसवली होती. मी बसले. आवाज थांबला. आणि शेवटच्या रांगेतून माझी मुलगी रडली.

रडणं ऐकताच दूध आलं. ते माझ्या हातात नव्हतं. सत्तर वर्षांची बाई मी, आणि पोलकं ओलं होत होतं. मी खांद्यावरची शाल पुढे ओढून घट्ट धरली. प्रेक्षक चुळबुळायला लागले. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून छताकडे बघून म्हटलं, "वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं. आता त्याची आई उठेल."

प्रेक्षागृह एकदम शांत झालं. दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला, रडणं लांब गेलं, आणि मी फोनकडे बघत बसले. माझे डोळे खरंच भरून आले होते. म्हातारीचे की माझे, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही.

पडदा पडल्यावर मी पांढऱ्या केसांच्या टोपासकट मेकअप रूममध्ये मुलीला पाजायला बसले. ती पितापिता थांबून टोपाकडे बघायची आणि परत प्यायची. सर आले, दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "ते वाक्य ठेवायचं."

वाक्य राहिलं. पुढच्या प्रयोगांसाठी नवऱ्याने मुलीचं रडणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि ते त्या शांततेत वाजायला लागलं. रेकॉर्डिंग ऐकूनही दूध यायचंच, म्हणून शाल कायमची झाली. एका समीक्षकाने शाल आवळून धरण्याच्या त्या लकबीचं कौतुक केलं.

पहिल्या प्रयोगानंतर घरी जाताना मी सासूबाईंना नाटक कसं वाटलं ते विचारलं. त्यांच्या मांडीवर मुलगी झोपली होती. त्यांनी थोडा विचार केला.

"बरं व्हतं. पण ती बाई येवढा वेळ बसून का राहते? पोराला आपणच फोन लावायचा की."

दुसऱ्या दिवशी मी ते सरांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले की मुद्दा बरोबर आहे, पण मग नाटक पहिल्याच प्रवेशात संपेल.