भूक शोधत मुरुड ते पूर्णगड

मुरुडच्या किनाऱ्यावर त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. माझी नणंद सुरूच्या झाडांपर्यंत मला पोचवायला आली होती. तिच्या हातात घावनांचा डबा होता.

"वहिनी, गरम आहेत तोवर दोन तरी खा."

मी एक खाल्लं. चव विचाराल तर ओल्या कागदाची. "छान झालीत हो," मी म्हटलं आणि सायकलवर टांग मारली. ती बराच वेळ तिथेच उभी होती. मागे वळून पाहिलं तेव्हा धुक्यात फक्त डबा चमकताना दिसला.

आता हे सांगायला हवं की माझी भूक हरवली होती. श्रावणात मला ताप आला, चांगलाच लांबला, आणि जाताना भूक घेऊन गेला. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दिवाळी झाली, थंडी आली, आंबे मोहरले, पण भुकेचा पत्ता नाही. मी उपाशी राहत होते असं नाही. घड्याळ बघून खात होते, औषध घ्यावं तसं. कपडे अंगावर लोंबायला लागले. आमचे हे कचेरीतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसलेत. रोज काहीतरी वेगळं करायचे आणि माझ्या ताटाकडे टक लावून बघायचे. मी म्हणायची, "पोट भरलं." ते मान हलवायचे. खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू, नाहीतर मुंबईला दाखवू. त्या दिवशी यांचा चेहरा इतका उतरला की मला स्वतःपेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

सायकलवर मात्र मला जन्मभर कडकडून भूक लागत आली आहे. शाळेत शिकवायला सायकलने जायची, तेव्हा शाळा येईपर्यंत डबा अर्धा झालेला असायचा. म्हटलं, लांब जाऊ. इतकं लांब की भूकच शोधत येईल. मुरुडपासून खाली पूर्णगडपर्यंत, तिथून रत्नागिरीजवळच्या पालीला घरी.

"खात नाहीस आणि सायकल चालवणार. चक्कर येऊन पडलीस म्हणजे?" हे म्हणाले.

"पडले तर उचलायला या."

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सायकलच्या चेनला तेल घालताना दिसले. मग मला आणि सायकलला टेम्पोने नणंदेकडे सोडून आले. निघताना खाऊची पिशवी हातात दिली. बी काढलेले खजूर, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले काजू, आणि लेकीने पुण्याहून पाठवलेले एनर्जी बार, जे दिसायला चॉकलेट आणि चावायला पायपुसणं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत गूळ घालून पातळ केलेलं आगळ (कोकमाचा खारवलेला रस). फोनमध्ये गजर लावून दिला. लांब सायकल चालवणारे सगळे एकच सांगतात, तहान लागायच्या आधी प्यावं आणि भूक लागायच्या आधी खावं. नियम चांगलाच आहे. गजर वाजला की मी एक खजूर तोंडात टाकायची आणि दोन घोट आगळ प्यायची.

लाडघर, बुरोंडी करत रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. मधेच चढून सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) येतो आणि पुन्हा उतरतो. धुकं पांगलं तसं वाळलेल्या गवतावर ऊन पसरलं. मोहोराचा वास असणार, कारण झाडं लगडलेली होती. मला येत नव्हता. पण डोळे कुठे आजारी होते? चढावर मान खाली घालून पायडल मारत राहिलं की पुढचं चाक तेवढं दिसतं, आणि मग आपण जागे आहोत की झोपेत, हे कळेनासं होतं.

एका टपरीवर चहाला थांबले. टपरीवाले काका माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटकडे बघत होते.

"बाई, कुठून आलात?"

"मुरुडहून. पूर्णगडला जायचंय."

त्यांनी चहा गाळला, ग्लास पुढे केला आणि विचारलं, "एस्टी बंद हाय काय?"

मी इतकी हसले की चहा सांडला. त्यांनी दुसरा दिला, सोबत कांदाभजी. दोन भजी खाल्ली, उरलेली कागदात बांधून घेतली आणि पुढच्या वळणावर एका कुत्र्याला घातली. त्याने ज्या हावरेपणाने ती खाल्ली त्याचा मला हेवा वाटला. खरंच वाटला.

दाभोळला फेरीबोटीत सायकल चढवली. खाडी तेव्हा इतकी निवांत होती की बोट चाललीय की पलीकडचा धोपाव्याचा किनाराच आमच्याकडे येतोय, ते समजत नव्हतं. पलीकडे उतरून संध्याकाळपर्यंत गुहागर गाठलं. तिथे माझ्याबरोबर शाळेत शिकवायच्या त्या मनीषाताई राहतात. दारातच "जयभीम बाई, किती वाळलात" म्हणून त्यांनी मला मिठीत घेतलं. रात्री कुळथाची पिठी, मऊ भात, वर तूप. एके काळी या पिठीसाठी मी त्यांच्या डब्यावर डाका घालायची. त्यांना आठवत होतं. माझ्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "आवडली नाही का?"

"आवडली की. पोटभर जेवले."

फोनवर यांनाही तेच सांगितलं. पलीकडून नुसतं "हं" आलं. अंथरुणावर पडल्यावर मला रडू आलं. माणसं जीव ओतून रांधतात आणि आपण त्यांना बनवत राहतो, याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हेदवीवरून तवसाळला आले आणि जयगडची फेरीबोट धरली. खाऊची पिशवी कठड्याच्या खुंटीला अडकवली आणि बाकावर टेकले. ऊन कोवळं, इंजिनची एका सुरातली धडधड, पाण्यावर हलणारा उजेड. डोळा लागला. स्वप्नात मी शाळेत होते आणि घंटा वाजत होती, पण मधल्या सुट्टीची काही होत नव्हती. जाग आली तेव्हा लोक उतरत होते. घाईघाईने सायकल उतरवली, धक्का चढून वर आले, आणि गजर वाजला. खजुरासाठी हात मागे नेला तर पिशवी नाही. बोट तोवर खाडीच्या मध्यावर पोचली होती.

"पुढल्या खेपेला येईल पिशवी," धक्क्यावरचा माणूस म्हणाला. "कोणी खाल्ली नाय तर."

"खाऊ दे ज्याला भूक असेल त्याला," मी म्हटलं आणि गजर बंद करून टाकला. मला हलकं वाटलं. इतके महिने मी भूक लागायच्या आधी खात आले होते. मग ती बिचारी येणार कधी? आगळाची बाटली मात्र जवळ होती. पाण्याच्या बाबतीत शहाणपणा करू नये एवढी अक्कल मला आहे.

मालगुंडला एक शहाळं प्यायले, आतली मलई तशीच ठेवली. आरे-वारेच्या चढावर पोचले तेव्हा उजव्या हाताला समुद्र एकदम उघडला. खाली दोन किनारे, मधे डोंगराची सोंड, आणि सगळ्यावर दुपारचं पिवळं ऊन. मी सायकल आडवी टाकली आणि दगडावर बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मनात काहीच नव्हतं, दुःखही नव्हतं. रत्नागिरीत लॉजवर दोन केळी खाल्ली आणि आडवी झाले.

तिसऱ्या सकाळी नुसता चहा घेऊन निघाले. भाट्याच्या पुलावर खाडीचं गार वारं लागलं. पुढे चढ-उतार, काजूची झाडं, वाडीवाडीतून निघणारा चुलीचा धूर. पावस सोडलं आणि मला राग यायला लागला. कशाचा ते कळेना. समोरून येणाऱ्या डंपरचा राग, हँडलचा राग, कधी नाही ते यांचाही. पाय कापत होते. बाटलीतलं आगळ संपवलं, थोडं बरं वाटलं, पण राग जाईना. आणि मग एका चढावर पोटातून असा काही आवाज आला की मी थांबून आजूबाजूला पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. तो माझाच होता.

भूक होती ती. विसरले होते मी, ती आधी रागासारखी येते.

पूर्णगडला उतरले. किल्ला छोटासा, त्याच्या पायथ्याशी मच्छीमारांची घरं, खाली मुचकुंदी नदीची खाडी. एका अरुंद पाखाडीतून (दगडी पायऱ्यांच्या वाटेतून) सायकल हाताने नेत होते, आणि वास आला. श्रावणानंतर पहिल्यांदा मला कशाचा तरी वास आला. बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं घट्ट, लाल कालवण) आणि नुकताच उतरवलेला भात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पाय आपोआप त्या घराच्या पडवीपाशी थांबले.

पडवीत एक मावशी हातात डाव घेऊन उभ्या होत्या. आत दोन बाप्ये पाटावर बसले होते, बहुतेक समुद्रावरून आलेले. ताटं मांडली जात होती. मी म्हटलं, "पाणी मिळेल का?"

"मिळेल की. बस गो." त्यांनी मला खालवर न्याहाळलं. "जेवलीस काय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "हो हो. जेवूनच निघाले."

आता हे आमच्या कोकणातल्या माणसालाच कळेल. दुसऱ्याच्या घरात भात माणसं मोजून टाकलेला असतो. ऐन जेवणाच्या वेळी दारात उभं राहून "नाही जेवले" म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं मागणं. म्हणून आम्ही लहानपणापासून जेवूनच निघालेले असतो. घरचे आग्रह करतात, आपण नको म्हणतो, ते पुन्हा म्हणतात, आपण पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्या खेपेला हात धुतो. मी निर्धास्तपणे पहिलं "नको" म्हणून बसले होते. पण मावशींना घाई होती. आतून कोणीतरी "वाढा आता" म्हणत होतं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "उनातनं भरल्या पोटानं फिरावं." आणि मला गूळ-पाणी दिलं. ताटाचं नाव नाही, दुसरा आग्रह नाही, तिसरा तर नाहीच.

गूळ खाल्ला, पाणी प्यायले, आभार मानले आणि निघाले. पाखाडी चढून वर किल्ल्याच्या वाटेला लागले. दहा-वीस पावलं गेले असेन, आणि पाय पुढे टाकवेना. कितीजणांनी माझ्यासाठी रांधलं आणि मी खोटंच सांगितलं, "पोट भरलं." आज भूक आली, तर तिलाही तेच सांगून परत पाठवत होते. मला माझाच संताप आला. सायकल वळवली आणि धडधडत पायऱ्या उतरले.

मावशी वाढत होत्या. मी पडवीत उभी राहिले.

"मावशी, मी खोटं बोलले. जेवले नाहीये. मला भूक लागलीये."

आतली माणसं थांबली. मावशींनी डाव खाली ठेवला. "मग तवाच सांगायला काय जात होतं?" त्या म्हणाल्या. "हात धू. बाबू, सरक जरा तिकडं."

बाबू, म्हणजे त्यांचा पन्नाशीतला मुलगा, पाटासकट सरकला. माझ्यापुढे ताट आलं. पहिला घास घेतला आणि तिरफळाने जीभ झणझणली. तिखट लागलं, आंबट लागलं, मिठाची चव लागली. मी वर न बघता खात गेले. भात संपला, मावशींनी वाढला, तोही संपला. मग त्यांनी चुलीवर दुसरा भात टाकला.

"किती दिसांची उपाशी गो तू?"

"श्रावणापासूनची."

सगळे हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. मीही हसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मावशींनी ते तिखलं तिखट झाल्याचं समजून पाण्याचा तांब्या पुढे केला.

यांना फोनवर काही सांगितलं नाही. सांगून त्यांना पटलं नसतं. परत फिरून हातखंब्याला हायवे धरला आणि दिवेलागणीला पाली गाठली. बाजार सुटत होता. हे फाटकातच उभे होते. सायकल माझ्या हातातून घेतली, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"आज काही खाल्लंस?"

"पोटभर जेवले."

"हं," ते म्हणाले आणि मान हलवली.

माझ्यासाठी त्यांनी वाटीभर पेज करून ठेवली होती, आजारी माणसाची. स्वतःसाठी दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. आम्ही समोरासमोर बसलो. मी पेज प्यायले. वाटी खाली ठेवली, हात पुढे केला आणि त्यांच्या ताटातली एक भाकरी उचलली. चटणी घेतली, खायला लागले. त्यांचा घास हातातच राहिला. मी ती भाकरी संपवली आणि दुसरीचा अर्धा तुकडा मोडला.

प्रवासात काय खावं, काय प्यावं, हे लोक मला आता विचारतात. खजूर न्या, चिक्की न्या, आगळात गूळ घाला, सगळं सांगते. पण भूक लागली तर ती दाराशी उभं राहून सांगता यायला हवी. मला ते शिकायला पूर्णगडापर्यंत जावं लागलं.

हे ताटावरून उठले. पिठाचा डबा काढला, परातीत पीठ घेतलं, माझ्याकडे पाठ करून मळायला लागले. बराच वेळ मळत होते. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "आणखी एक टाकू?" आवाज ओला झाला होता.

"दोन टाका," मी म्हटलं.