एका चुलीचे दोघे

कोडी सुटतात याचा मला फार माज होता. डहाणूच्या क्लासमध्ये तलाठी भरतीची तयारी करताना, आठ माणसं, दोन गट, अमका तमक्याबरोबर नको, असला प्रश्न फळ्यावर आला की बाकीचे पेन चावत बसायचे आणि माझा हात वर. सर म्हणायचे, दिलेल्या अटी सोडून दुसरं काही बघायचं नाही. हे वाक्य मी एसटीने झाईला घरी आणायचे आणि आईला ऐकवायचे. आई मासळी साफ करता करता हूं म्हणायची.

आमच्या दोन बोटी. बाबा आता समुद्रावर जात नाहीत, पण कुठल्या बोटीत कोण जाणार हे तेच ठरवतात. दिवाळीआधीच्या फेरीला मात्र ते अडकले. "बाय, तुज्या क्लासात हेच शिकवतात ना? बघ जरा," म्हणाले. मी ऐटीत वही उघडली.

इंजिनातलं फक्त दोघांना कळत होतं, एक म्हातारे खलाशी आणि दुसरा माझा धाकटा भाऊ. म्हणजे दर बोटीत त्यांच्यातला एक हवाच. मोठी बोट चालवणारा तांडेल माझा दादा. मागच्या फेरीत त्याचं आणि म्हाताऱ्या खलाशांचं असं वाजलं होतं की, याच्या बोटीत पाय ठेवणार नाही, असं ते सगळ्यांसमोर बोलून गेले होते. मग ते छोट्या बोटीत, माझ्या चुलतभावाबरोबर. उरला धाकटा, तो दादाबरोबर. आणि नेमका तिथेच आमच्याकडचा जुना नियम आडवा येत होता. एका चुलीचे दोघे एका बोटीत जात नाहीत.

तासभर मी खाडाखोड केली. मग सुचलं. पावसाळ्यात दादा आणि वहिनी आमच्यातून वेगळे झाले होते. पडवीत मधे भिंत, गॅस वेगळा, रेशनकार्डसुद्धा वेगळं. चूल एक राहिलीच कुठे?

बाबांनी कागदावरच्या नावांवरून बोट फिरवलं. "नियम चुलीचाच हाय खरा," एवढंच म्हणाले.

आईने विळीवरून मान वर केली. "परत बघ."

"आई, सगळ्या अटींत बसतंय. उत्तर बरोबर आहे."

ती पुन्हा विळीकडे वळली. मला वाटलं, मी जिंकले.

बोटी गेल्या तेव्हा वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला आणि सुरूची झाडं एकाच बाजूला वाकून राहिली. तिसऱ्या दिवशी छोटी बोट आली. मोठी आली नाही. वायरलेसवर नुसती खरखर. चुलतभाऊ उतरला तो आईच्या समोरून गेला नाही, मागून वळसा घालून गेला. शेजारणी आमच्या दारावरून जाताना बोलणं थांबवायच्या. वहिनी भिंतीपलीकडून उठून आमच्यात येऊन बसली.

मी वही काढून पाहिली. प्रत्येक अटीपुढे मीच केलेली बरोबरची खूण होती. एकही चूक सापडत नव्हती, आणि मला ती सापडायला हवी होती.

आईने भात त्या दोघांच्या वाटणीचाही टाकला होता. तो तसाच झाकून ठेवून ती माझ्याजवळ आली. आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

"तो नियम चुलीचा नव्हता गो. समुद्राने एक नेला तर आईला एक राहावा, म्हणून होता." मग म्हणाली, "तू मला एकपण ठेवला नाहीस."

पाचव्या दिवशी गुजरातच्या एका बोटीने मोठी बोट ओढत आणली. पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं. सगळे जिवंत होते. दादा आमच्याच चुलीपाशी जेवायला बसला. चार घास झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी आत यायला लागलं तेव्हा धाकटा माझ्याकडे बघत नव्हता. मीपण त्याच्याकडे नाही. बघितलं की आई दिसायची."

पुढच्या फेरीआधी बाबांनी पुन्हा वही पुढे केली. मी ती उघडली नाही. उठले आणि म्हाताऱ्या खलाशांच्या दारात जाऊन उभी राहिले. पाया पडले, आणि दादाच्या बोटीत जा म्हणून विनवलं. ते जाळं विणत होते. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"तेवाच इचारलं असतंस," ते म्हणाले, "तर तेवाच गेलो असतो."