निळी झाक नसलेली मूठ

बाबांच्या श्वासात एक बारीक शिट्टी आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना ती असते.

बाबा बरीच वर्षं बाहेरगावी एका छोट्या कारखान्यात होते. नळाच्या प्लास्टिकच्या मुठींना ते क्रोमचा मुलामा द्यायचे. हौदातून झोंबणारी वाफ उठायची, म्हणून कामावर जाण्याआधी सगळे कामगार नाकात तुपाचं बोट फिरवून घ्यायचे. सोनपेठजवळच्या आमच्या गावी सुटीला आले तरी बाबांची ती सवय सुटायची नाही. चुलते म्हणायचे, "भाकरीला तूप न्हाई, अन् ह्याच्या नाकाला रोज लागतंय." बाबाही हसायचे. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय, हे डॉक्टरांनी सांगितलं तोवर त्यांना वास येणं बंद झालं होतं. मग ते गावी परतले. आजही चुलीवरचं दूध करपतं आणि ते शेजारीच बसलेले असतात.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला क्रोमला पर्याय हा विषय मी का घेतला, ते सरांना सांगायचं धाडस झालं नाही. बंद पेटीतली हवा काढून टाकायची आणि आत ॲल्युमिनियमची वाफ करून प्लास्टिकवर बसवायची, एवढंच. हौद नाही, आम्ल नाही. चकाकणारी एक मूठ आणि प्रकल्पाचा अहवाल घेऊन मी परभणीहून एसटीनं घरी गेले. बाबांनी शाबासकी द्यावी, एवढंच मनात होतं.

त्यांनी ती उन्हात धरून फिरवली.

"निळी झाक न्हाई हिला," ते म्हणाले. "क्रोम न्हाई हे."

मी आनंदानं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"अन् हे करताना नाकाला काय लावतेत?"

"काहीच नाही, बाबा."

"काहीच न्हाई?"

बराच वेळ ते मुठीवरून अंगठा फिरवत होते. मग हळूच विचारलं, "माय, हे कवा निघालं?"

ही रीत बाबा कामाला लागायच्या कितीतरी आधीपासून जगाला माहीत होती. अहवालाच्या पहिल्याच पानावर मी ते मोठ्या हौसेनं लिहिलं होतं.

"आत्ताच," मी म्हणाले. "नवीनच आहे."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "आमच्या वक्ताला नव्हतंच म्हण की."

त्यांना वाचता येत नाही. काय लिहिलंस ते वाचून दाखव, म्हणाले. मी अहवाल उघडला आणि दुसऱ्या पानापासून वाचायला लागले.