लघवी झाल्याचे आभार

हर्नियाचं ऑपरेशन चांगलं झालं. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सकाळी हॉस्पिटलात लघवीची नळी काढून मला अमेरिकेतल्या आमच्या गावी, नोव्हायला, घरी पाठवलं, आणि इथे आल्यावर लघवीच होईना. नर्सनं बजावलं होतं, "चार वाजेपर्यंत झाली नाही तर परत या. पुन्हा नळी घालावी लागेल." त्या नळीचं नाव काढलं तरी मला घाम फुटायचा. अडीच वाजून गेले होते. बायको दर दहा मिनिटांनी विचारायची, "काही होतंय का रे?" आणि मी तिच्यावर खेकसायचो.

इतक्यात शेजारचे म्हातारे ज्यू गृहस्थ मसुराचं सूप घेऊन आले. ऐंशीच्या पुढचे, निवृत्त फार्मासिस्ट, डोक्यावर कायम छोटी गोल टोपी. आम्ही त्यांना काकाच म्हणतो, त्यांनाही तो शब्द आवडतो. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी आधी टाळलं, मग लाजत खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"आमच्यात बाथरूममधून बाहेर आलं की हात धुऊन एक प्रार्थना म्हणतात," ते म्हणाले. "शरीरात इतक्या वाटा, इतक्या पोकळ्या, एक जरी बंद पडली तरी माणूस उभा राहू शकत नाही. त्या चालू आहेत म्हणून आभार. वडिलांनी लहानपणीच पाठ करून घेतली होती. साठ वर्षं मी ती भरभर उरकली. मग प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि तुझ्यासारखाच अडकलो. शेवटी जेव्हा झाली, तेव्हा एकेक शब्द सावकाश म्हटला आणि ढसाढसा रडलो. नर्सला वाटलं, दुखतंय! धावत इंजेक्शन घेऊन आली."

आधी बायको हसली. मग मलाही हसू फुटलं. टाके ओढले जात होते तरी थांबेना.

"हस, हस," काका म्हणाले. "आनंदात राहणं आमच्यात मर्जीवर सोडलेलं नाही, ते कर्तव्य आहे. आणि घाबरलेलं शरीर आवळून बसतं, एवढं तर फार्मसीतही शिकलोय."

थोड्या वेळानं उठलो, बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो. आधी थेंब थेंब, मग व्यवस्थित. आतूनच ओरडलो, "झाली!" बाहेर टाळ्या वाजल्या. नुकतीच शाळेतून आलेली मुलगी म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा, सो एम्बॅरसिंग!"

हात धुऊन बाहेर आलो. काकांना म्हटलं, "आम्ही आंबेडकरी बौद्ध. देव मानत नाही. मग आभार कोणाचे मानू?"

"अरे, आजच्या दिवसात तुझ्यासाठी कोणीच काही केलं नाही?"

समोर बायको उभी होती. सकाळपासून माझं खेकसणं ऐकून घेतलेली.

"थँक यू यार," मी तिला म्हटलं. "आणि सॉरी."

"ते राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी नर्सला फोन कर."

फोनवर नर्स इतकी खूश झाली, की जणू आमच्याकडे बाळच झालंय.