गच्ची दोनदा कशाला लिहिली?

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटच्या कराराची मीटिंग होती. मी स्वतः वकील, दिवसभर करारच लिहिते. एकच गोष्ट दोनदा दिसली की माझे हात शिवशिवतात. 'हक्क, अधिकार व अखत्यार' असला बराच फाफटपसारा मी काढायला लावला. बिल्डरचा वकील हसत म्हणत होता, "काढा ना मॅडम, काय फरक पडतो?"

मग गच्ची आली. आधी लिहिलं होतं, गच्ची सोसायटीच्या मालकीची. पुढे पुन्हा, गच्ची सोसायटीला वापरता येईल.

"एकच ना? मग दुसरं काढा."

"राहू दे ना मॅडम. जास्तीचं असलं तर बिघडलं कुठे?" त्याचं हसू गायब!

आमचे सेक्रेटरी सावंतकाका सही करायला पेन काढून बसलेले. म्हणाले, "अगं, एका ओळीसाठी कशाला अडतेस? कोजागिरी गच्चीवरच करू ना."

"करू की. पण काका, आपल्याच गच्चीवर बसायची परवानगी आपल्याला कोण देतंय? उद्या बिल्डर म्हणेल, तुम्हाला फक्त वापरायलाच दिलीय."

काकांनी पेन खिशात ठेवलं.

तुमच्या करारात असं 'जास्तीचं' वाक्य आहे का? काढायला सांगा, आणि समोरच्याचं तोंड बघा.