गच्चीवर वाळवलेली फिल्म आणि नानांची सही

माझ्या पीएचडीच्या पहिल्या पेपरमध्ये एक धडधडीत खोटं वाक्य होतं.

मीच लिहिलेलं. पूर्ण शुद्धीत.

माझे गाइड, नाना, काल सोनगीरला राहत्या घरी वारले. सकाळपासून ग्रुपवर 'थोर गुरू', 'ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व' चाललंय. ऋषितुल्य वगैरे काही नव्हते. तापट होते, हट्टी होते आणि मॅच असली की लॅबला खुशाल दांडी मारायचे.

जळगावला आमच्या डिपार्टमेंटमध्ये शिपायापासून हेडपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. दोंडाईच्याची आणि तोंडाची फटकळ. त्यामुळे आमचं जमलं.

आमचं काम म्हणजे गॅस गाळणारी पातळ फिल्म बनवायची. गोबरगॅस सोडला की त्यातला कार्बन डायऑक्साइड पलीकडे जावा आणि मिथेन अलीकडे राहावा.

पॉलिमर होतं अ‍ॅरोमॅटिक पॉलिअमाइड. एकदम दणकट. पण त्याच्या साखळ्या हायड्रोजन बाँडने एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात, की मधून गॅस जाईल तर शपथ.

नानांची आयडिया अशी, की साखळीतल्या रिंगवर एक जाडजूड ग्रुप लटकवायचा. टर्शरी ब्युटाइल.

"एसटीत तीनच्या सीटवर एकाच्या मांडीवर भरताच्या वांग्यांचं पोतं असलं, तर बाकीचे त्याला चिकटून बसतील का? फट राहणारच. पण सीट, म्हणजे साखळी, हलता कामा नये. सीट हलली की फट मोठी होते आणि मग मिथेनपण घुसतो."

कित्येक वर्षं ते हे सांगत होते. फारसं कोणी मनावर घेत नव्हतं.

आणि रिटायरमेंट तोंडावर आली होती.

मला त्यांना हे सिद्ध करून द्यायचं होतं. धुळ्याच्या कॉलेजात माझा इंटरव्ह्यू होता, तेव्हा पेपर मलाही हवाच होता. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

मे महिन्यात फिल्म वाळवायचा व्हॅक्यूम ओव्हन बंद पडला. मेकॅनिक रोज 'उद्या येतो' म्हणायचा.

मी फिल्म काचेच्या झाकणाखाली गच्चीवर ठेवली.

जळगावचं ऊन हो! ज्वारीचे बिबडे वाळतात, मिरच्या वाळतात, माणूससुद्धा वाळतो. एवढीशी फिल्म नाही वाळणार?

वाळली. हाताला अगदी कोरडी लागत होती.

आणि रिझल्ट असा आला, की मी गॅस मोजायचं मशीन बंद करून परत चालू केलं. कार्बन डायऑक्साइड धो धो पलीकडे, मिथेन जागच्या जागी. नानांनी अख्ख्या डिपार्टमेंटला जिलेबी वाटली.

मग मी पेपर लिहिला. 'फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये एकशे वीस अंशांवर दोन दिवस वाळवली.'

सगळे असंच लिहितात, म्हणून मीही लिहिलं.

नाना वाचता वाचता त्या ओळीवर थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"खरं शे ना हाई?"

"हो नाना."

त्यांनी सही केली.

पेपर पाठवायच्या आधीच ओव्हन दुरुस्त झाला. मन खात होतं, म्हणून मी तीच फिल्म त्यात ठेवली. दोन दिवसांनी वजन केलं.

कमी भरलं.

म्हणजे पॉलिमर विरघळवायला वापरलेला सॉल्व्हंट आतच बसला होता. तो दीडशेच्या वर तापल्याशिवाय उकळतही नाही, त्याला आमच्या उन्हाचं काय कौतुक? कार्बन डायऑक्साइडला तोच आपल्यात विरघळवून पलीकडे नेत होता, आणि श्रेय मी टर्शरी ब्युटाइलला देऊन बसले होते. परत टेस्ट केली. निम्मा रिझल्ट गायब.

सकाळी नानांच्या दारात उभी राहिले. एका दमात सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता भडकतील.

त्यांनी चष्मा काढला. मग खाली बघत म्हणाले,

"ओव्हन बंद शे, हाई माले ठाऊक व्हतं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तू हो म्हननी, माले बरं वाटनं. म्हनीसन सही करी."

एवढ्या वर्षांत मी त्यांना माझी नजर चुकवताना पहिल्यांदा बघितलं. मला रडूच फुटलं. ते उठले, पायात चपला घातल्या.

"चाल. बठ्ठं परत करूत."

सगळं परत केलं. खरा रिझल्ट लहान होता, पण ग्रुप नसलेल्या फिल्मपेक्षा नक्की चांगला. नानांची आयडिया बरोबर होती. फक्त जिलेबीएवढी नव्हती.

इंटरव्ह्यूला पेपर नव्हता. ती नोकरी हुकली. पुढे मिळाली, धुळ्यातच मिळाली. पेपर नाना रिटायर झाल्यावर एका साध्या जर्नलमध्ये आला. गच्चीवरच्या फिल्मचा त्यात वेगळा पॅरा आहे. तो मी अजून दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. पण नानांना माहीत होतं, हे कधीच कुणाला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात सोनगीरला भेटायला गेले होते. आवाज खोल गेला होता, पण हुकूम सोडायची सवय तशीच होती.

"मी गेल्यावर तू फेसबुकवर लिखशी. नुसतं चांगलं चांगलं लिखू नको. मनी सहीबद्दल बी लिख."

मी म्हटलं, "नाना, लोक काय म्हणतील?"

"तू माले सांगाले उनी व्हती, तव्हय इचार करा व्हता का?"

नाही केला होता.

लिहिलं, नाना. तुमच्या सहीसकट.

तुमच्या फटकळ पोरीचा शेवटचा नमस्कार.