मामांचा अंगठा आणि पांढऱ्या पुड्या

माझे मामा शिंपी. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुकान म्हणजे एकच खोली: दाराशी पायमशीन, मागे कापायचं टेबल, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने गणवेशांच्या कामातून त्यांना मान वर करायला फुरसत नसे.

अशाच घाईच्या दिवसांत एका सकाळी ते उठले तर उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टरटरून सुजलेला. पंख्याचा वारा लागला तरी कळ मस्तकात जायची.

"अहो, डॉक्टरांना दाखवू या," मामी म्हणाली.

"मुरगळला असेल. होईल बरा."

औषधांच्या दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या. चार दिवसांत अंगठा निवला, आणि आपलंच कसं बरोबर होतं, हे मामांनी सगळ्यांना ऐकवलं. पंधरवड्याने पुन्हा तेच. मग परत. चौथ्या खेपेला दीडशे शर्ट शिवायचे बाकी होते आणि मास्तरांचा पाय उशीवर. शेवटी मामी मशीनवर बसली. तिची शिवण नागमोडी जायची, मामा खुर्चीतून ओरडायचे, ती म्हणायची, "मग या इथे आणि अंगठ्याने शिवा!"

तिनेच त्यांना रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड साडेनऊ.

"याला गाउट म्हणतात," त्या म्हणाल्या. "हे ॲसिड रक्तात वाढलं की सांध्यात त्याचे सुईसारखे खडे होतात. सुया तुमच्या ओळखीच्याच."

"सुई हातात बरी, बाई. अंगठ्यात नको."

गोळी सुरू झाली, ती रोज घ्यायची. बिअर बंद, मटण कमी, पाणी भरपूर. जाताना मामांनी विचारलं, "दही खाल्लेलं चालेल ना?"

"खा की. यातलं बरंचसं ॲसिड लघवीवाटे जातं, पण थोडं आतड्यातूनही जातं, आणि तिथले काही जिवाणू ते फोडतात असं दिसतंय. पोटातले हे चांगले जिवाणू वाढवून उपयोग होतो का, याचा अभ्यास चाललाय."

मामांनी त्यातलं सोयीचं तेवढंच उचललं. दोन वेळा वाडगाभर दही खायचं आणि गोळी परस्पर बंद! तीन आठवड्यांनी अंगठ्याने पुन्हा डोकं वर काढलं. या वेळी डॉक्टरबाईंनी त्यांची चांगली हजेरी घेतली. "दही जेवणात, गोळी औषधात. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलू नका."

दुखणं उतरल्यावर डॉक्टरबाईंनीच विचारलं, "आमच्याकडे जिवाणूंच्या पुड्यांची चाचणी आहे. सहा महिने. याल का? गोळी चालूच ठेवायची. मात्र निम्म्या लोकांना खऱ्या पुड्या मिळतील, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. कोणाला कुठल्या, हे शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

मामांनी सही केली. रोज सकाळी पांढरी पुडी पाण्यात ढवळून घ्यायची आणि महिन्यातून एकदा शौचाचा नमुना डबीत घालून प्रयोगशाळेत द्यायचा. त्या डबीसाठी मामांनी अस्तर लावलेली खास पिशवी शिवली. एकदा बसमध्ये शेजारचे गृहस्थ म्हणाले, "द्या मास्तर, धरतो मांडीवर."

"नको नको," मामा पिशवी छातीशी धरून म्हणाले, "घरचंच आहे, पण नाजूक आहे."

मामीने पुडीची वेळ कधी चुकू दिली नाही. पुडीबरोबर गोळी हातावर ठेवायची, मशीनशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, संध्याकाळी हाताला धरून चालायला न्यायची. मामा मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पोटावर हात फिरवत सांगायचे, "आत कारागीर बसवलेत. लाखोंनी!"

सहा महिन्यांत दुखणं एकदाही आलं नाही. युरिक ॲसिड साडेपाचावर आलं.

निकालाच्या दिवशी मीही मामा-मामीबरोबर गेले. प्रयोगशाळेतल्या ताईंनी कागद उघडला.

"काका, तुमच्या पुड्या पिठाच्या होत्या."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे कारागीर नव्हतेच?"

"पुडीतून आले नव्हते. तुमचं ॲसिड उतरलं ते गोळी न चुकवल्यामुळे. पथ्य आणि पाणी होतंच जोडीला."

मामांनी विचारलं, "आणि ज्यांना खऱ्या मिळाल्या, त्यांना गुण आला का?"

"काहींना थोडा जास्त फरक दिसला. पण माणसं कमी होती, अजून मोठी चाचणी लागेल. खरं सांगू? तुमच्यासारख्यांनी पिठाच्या पुड्या इमानाने घेतल्या नसत्या, तर तो फरक मोजायचा कशाशी? तुमचे फार उपकार आहेत, काका."

मामांचे डोळे भरून आले. आयुष्यभर लोकांनी कपड्यांची तारीफ केली होती. पण आपल्या पोटाचे उपकार कोणी मानील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"उपकार कसले, ताई," ते म्हणाले. "पाय तुम्ही परत दिलात." मग मामीकडे वळले. "आणि गोळी हिने चुकू दिली नाही. मी आपला जिवाणूंचे गोडवे गात बसलो. खरी कारागीर हीच."

"उशिरा का होईना, कळलं म्हणायचं," मामी म्हणाली, पण पदराने डोळे तिनेही टिपले.

घरी जाताना मामा दोन थांबे आधीच बसमधून उतरले. पायात कित्येक महिन्यांनी बंद बूट होते. मामीचा हात धरून ते भर रस्त्यातून, वाटेतल्या ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून स्वतःच्या पिठाच्या पुड्यांची गोष्ट सांगत, घरापर्यंत चालत आले.